डॉक्टरांच्या नजरेला त्वचेचा कर्करोग कितपत अचूक ओळखता येतो?

मागील अंकात तीळ, चामखीळ आणि त्वचेवरील गाठींविषयी लिहिल्यानंतर आलेल्या बहुतेक पत्रांचा रोख एकाच मुद्द्याकडे होता: त्वचारोगतज्ज्ञ नुसते पाहून जे निदान सांगतात, त्यावर किती विसंबायचे? त्यांपैकी निवडक प्रश्नांना येथे उत्तरे देत आहे. पत्रावरून कोणाचेही निदान करता येत नाही, आणि ते करणे योग्यही नाही. त्यामुळे ही उत्तरे म्हणजे तपासणीला पर्याय नव्हे.

प्रश्न: माझ्या आईचे वय 68 आहे. तिच्या नाकाच्या बाजूला सुमारे दोन वर्षांपासून एक काळसर, चकचकीत पुळी आहे. तिच्यावर अधूनमधून खपली धरते, खपली निघाली की थोडे रक्त येते. एका त्वचारोगतज्ज्ञांनी ‘हा बेसल सेल कार्सिनोमा वाटतो’ असे सांगितले, तर दुसऱ्यांनी ‘मेलॅनोमाची शक्यताही नाकारता येत नाही’ असे म्हटले. बायोप्सी (तुकडा काढून तपासणी) मात्र दोघांनीही सुचवली आहे. दोन तज्ज्ञांची दोन मते असतील, तर आम्ही विश्वास कोणावर ठेवायचा? (एक वाचक, नाशिक)

उत्तर: दोघांवरही ठेवावा, कारण पुढे काय करायचे याबद्दल त्यांच्यात मतभेद नाही. त्यांचे मत वेगळे आहे ते रोगाच्या नावाबाबत, आणि या विशिष्ट ठिकाणी तसे होण्यास सबळ कारण आहे.

त्वचेचे सर्वाधिक आढळणारे कर्करोग तीन. बेसल सेल कार्सिनोमा हळूहळू वाढतो आणि इतर अवयवांत क्वचितच पसरतो. परंतु नाक, पापणी, कान अशा जागी तो खोलवर पोखरत जातो. स्क्वॅमस सेल कार्सिनोमा काही रुग्णांत लसिकाग्रंथींपर्यंत पोहोचतो. रंगपेशींपासून होणारा मेलॅनोमा तिघांत सर्वांत कमी आढळतो, पण सर्वांत घातक आहे. वैद्यकीय पुस्तकांत बेसल सेल कार्सिनोमाचे वर्णन ‘मोत्यासारखी गुलाबी, पारदर्शक गाठ’ असे आढळते, कारण ती वर्णने गोऱ्या त्वचेवरून लिहिली गेली. आपल्या सावळ्या त्वचेत त्याच गाठीत बहुधा रंगद्रव्य असते आणि ती काळी किंवा निळसर दिसते. म्हणूनच तिची गल्लत एका बाजूला मेलॅनोमाशी, तर दुसऱ्या बाजूला वयोमानानुसार येणाऱ्या साध्या काळ्या चामखिळीसारख्या वाढीशी होते.

ही गल्लत पुष्कळ प्रमाणात टाळता येते ती डर्मोस्कोपमुळे. हे हातात मावणारे, सुमारे दहा पट मोठे दाखवणारे भिंग असते. त्यातील प्रकाशयोजनेमुळे त्वचेच्या पृष्ठभागावरची चकाकी नाहीशी होते आणि तिच्या खालचा थर दिसू लागतो. बेसल सेल कार्सिनोमा असेल तर झाडाच्या फांद्यांसारख्या फुटत गेलेल्या लालभडक, स्पष्ट रक्तवाहिन्या दिसतात, निळसर-करडे अंडाकृती पुंजके दिसतात आणि कडेला कधी पानाच्या आकाराचे तपकिरी ठिपके असतात. मेलॅनोमात बहुधा रंगद्रव्याचे जाळे असते. ते कुठे दाट, कुठे तुटलेले आणि वेडेवाकडे दिसते. आईंना तपासताना डर्मोस्कोप वापरला होता का, हे अवश्य विचारा. त्यात चिन्हे कितीही ठळक दिसली, तरी नाकाजवळच्या गाठीवर शस्त्रक्रिया ठरवण्यापूर्वी ऊतींची तपासणी हवीच, कारण कडेची किती त्वचा काढायची हे कर्करोगाच्या प्रकारावर आणि उपप्रकारावर ठरते. घाबरून रातोरात धावपळ करण्याची गरज नाही. मात्र दोन वर्षे गेलेली आहेत, तेव्हा बायोप्सी येत्या काही दिवसांतच उरकून घ्या.

प्रश्न: मी संख्याशास्त्र शिकवते. त्वचारोगतज्ज्ञांच्या अचूकतेविषयी शोध घेतला असता कुठे नव्वद टक्क्यांच्या पुढचा, तर कुठे चाळीस टक्क्यांच्या आतला आकडा मिळतो. एवढी तफावत कशी? (एक वाचक, पुणे)

उत्तर: हे आकडे वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरे आहेत, हे त्यामागचे मुख्य कारण. ‘ही गाठ संशयास्पद आहे का?’ हा एक प्रश्न आणि ‘ही नेमकी कोणती गाठ आहे?’ हा दुसरा. पहिल्यात डॉक्टरांची नजर बऱ्यापैकी तरबेज असते, दुसऱ्यात ती वारंवार चुकते, आणि रुग्णाचा जीव वाचतो तो मुख्यतः पहिल्या प्रश्नाच्या उत्तरावर.

2018 मध्ये कॉक्रेन या संस्थेने जगभरातील अभ्यास एकत्र करून त्यांचा आढावा प्रसिद्ध केला. निरुपद्रवी गाठींपैकी 80 टक्के गाठींना निरुपद्रवीच ठरवले जाईल अशी पातळी धरली, तर प्रत्यक्ष तपासणीत नुसत्या डोळ्यांनी पाहून 100 पैकी 76 मेलॅनोमा पकडले जातात, आणि डर्मोस्कोपची जोड दिली की 92. बेसल सेल कार्सिनोमासाठी हेच आकडे 79 आणि 93 असे आले. म्हणजे हे भिंग वापरले नाही, तर शंभरातले सोळा मेलॅनोमा अधिक निसटतात. तथापि भिंग हाती असणे पुरेसे नसते. 2002 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका विश्लेषणात असे दिसले की डर्मोस्कोपीचे प्रशिक्षण घेतलेल्यांची अचूकता त्यामुळे लक्षणीय वाढते, तर प्रशिक्षण नसलेल्यांना नुसत्या डोळ्यांपेक्षा काहीच अधिक लाभ होत नाही.

आता दुसऱ्या प्रश्नाकडे. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड राज्यात जगातील सर्वाधिक त्वचेचे कर्करोग आढळतात, आणि साहजिकच तेथील डॉक्टरांचा या गाठींशी रोजचा संबंध येतो. 2008 साली प्रसिद्ध झालेल्या तेथील एका मोठ्या अभ्यासात, कुटुंबवैद्यांसह अनेक डॉक्टरांनी कापून काढलेल्या आठ हजारांहून अधिक गाठींबाबत, आधी नोंदवलेला अंदाज आणि नंतरचा प्रयोगशाळेचा अहवाल ताडून पाहिले गेले. बेसल सेल कार्सिनोमाचा अंदाज सुमारे तीन-चतुर्थांश वेळा खरा ठरला, स्क्वॅमस सेल कार्सिनोमाचा जेमतेम निम्म्या वेळा आणि मेलॅनोमाचा केवळ एक-तृतीयांश वेळा. वरवर पाहता हे निकाल चिंताजनक वाटतात. पण मेलॅनोमाच्या बाबतीत डॉक्टरांनी शंका आली की गाठ काढून टाकायची असे मुद्दाम ठरवलेले असते, आणि शंकेचा उंबरठा खाली ठेवला की चुकीच्या धोक्याच्या सूचना वाढणारच.

तुम्ही संख्याशास्त्र शिकवता, म्हणून एक काल्पनिक हिशेब मांडतो. वरची 92 आणि 80 टक्क्यांची कसोटी कायम ठेवू. एखाद्या दवाखान्यात तपासलेल्या 1000 गाठींत 100 मेलॅनोमा असतील, तर 92 पकडले जातील आणि 180 निरुपद्रवी गाठींवर उगाच संशय येईल. म्हणजे काढलेल्या दर तीन गाठींत साधारण एक मेलॅनोमा निघेल. तेच डॉक्टर, तेच भिंग, पण 1000 गाठींत मेलॅनोमा फक्त 10 असले, तर नऊ पकडले जातील आणि उगाच संशयित मात्र 198 निरुपद्रवी गाठी ठरतील. म्हणजे साधारण तेविसात एक. डॉक्टरांचे कौशल्य तसूभरही बदललेले नाही, फक्त समोर येणाऱ्या रुग्णांमधील रोगाचे प्रमाण बदलले आहे. आपल्याकडे मेलॅनोमा दुर्मीळ असल्याने परदेशी अभ्यासांतील ‘अंदाज किती वेळा खरा ठरला’ हे आकडे जसेच्या तसे इथे लावता येत नाहीत. शिवाय या अभ्यासांतील बहुसंख्य रुग्ण गौरवर्णीय आहेत, हेही वाचताना ध्यानात ठेवले पाहिजे.

प्रश्न: पाठीवरचा तीळ संशयास्पद म्हणून डॉक्टरांनी काढायला लावला. अहवालात काहीच निघाले नाही. उगाचच कापले असे घरचे म्हणतात. शिवाय सुरी लावली की कर्करोग पसरतो, हे खरे का? (एक वाचक, ठाणे)

उत्तर: आधीच्या उत्तरातील हिशेब पाहिला, तर अनेक निरुपद्रवी तीळ काढल्याशिवाय एक मेलॅनोमा वेळेत सापडत नाही, हे लक्षात येईल. अहवालात काही न निघणे ही त्या पद्धतीची अपेक्षित निष्पत्ती आहे. ज्या डॉक्टरांच्या हातून काढलेला प्रत्येक तीळ कर्करोगच निघतो, त्यांच्या हातून बरेच कर्करोग निसटत असावेत, असे मी तरी समजेन.

सुरी लावल्याने त्वचेचा कर्करोग पसरतो, ही समजूत निराधार आहे. तिच्यापायी लोक महिनोन्‌महिने लेप लावत बसतात, आणि त्या काळात वाढायचा तो रोग वाढतोच. ही बायोप्सी म्हणजे काय, ते एकदा स्पष्ट सांगतो. जागा बधिर करण्यासाठी बारीक सुईने इंजेक्शन देतात. त्याची काही सेकंद आग होते, तेवढेच काय ते दुखणे. मग तीन ते चार मिलिमीटर व्यासाचे गोल पाते त्वचेवर टेकवून फिरवतात, सुटून आलेला तुकडा तळाशी कापून फॉर्मेलिनच्या बाटलीत टाकतात आणि एखादा टाका घालतात. मेलॅनोमाची शंका असेल, तर शक्य तेथे तुकडा न घेता, भोवतीच्या एक ते तीन मिलिमीटर निरोगी त्वचेसह पूर्ण डाग काढणे श्रेयस्कर. एकाच डागात मेलॅनोमाची जाडी जागोजागी वेगळी असू शकते आणि तुकडा नेमका पातळ भागातून घेतला गेला, तर अहवाल दिशाभूल करतो.

प्रश्न: बाबा शेतकरी आहेत, वय 61. तळपायावर काळा डाग होता. कुरूप समजून वर्षभर कॉर्न कॅप लावली, दोनदा ब्लेडने तासले. आता तिथे न भरणारी जखम आहे. मधुमेह असल्याने ‘मधुमेहाचा व्रण’ म्हणून मलमपट्टी चालू आहे. उन्हाचा संबंध नसलेल्या जागी कर्करोग होऊ शकतो का? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर: होऊ शकतो, आणि या पत्राला मी सर्वाधिक जागा देत आहे, कारण भारतीय रुग्णांच्या बाबतीत निदान हुकते ते बहुतेक अशाच ठिकाणी.

गौरवर्णीयांत मेलॅनोमा पाठीवर किंवा पायांवर, उन्हाशी संबंधित अशा त्वचेवर अधिक आढळतो. सावळ्या वा काळ्या त्वचेच्या लोकांत तो मुख्यतः तळपाय, तळहात आणि नखांखाली होतो, आणि त्याचा उन्हाशी संबंध दिसत नाही. गायक बॉब मार्ली यांच्या पायाच्या अंगठ्याच्या नखाखालचा मेलॅनोमा 1977 साली लक्षात आला. 11 मे 1981 रोजी, वयाच्या 36 व्या वर्षी त्यांचे निधन झाले. नखाखालचा काळेपणा मार लागून साकळलेल्या रक्ताचा समजला जातो, तळव्यावरचा डाग कुरूप किंवा चामखीळ समजला जातो, जखम झाली की मधुमेहाची समजली जाते. काही मेलॅनोमांत तर रंगच नसतो आणि ते लालसर, ओलसर मांसासारखे दिसतात. अशा जागी तज्ज्ञांची नजर कमी पडते असे म्हणण्यापेक्षा, बहुतेक वेळा ती नजर तिथवर पोहोचलेलीच नसते, असे म्हणणे अधिक योग्य ठरेल. रुग्ण चेहऱ्यावरचा डाग दाखवतो, मोजे काढत नाही. डॉक्टरही गर्दीत काढायला सांगत नाहीत. हा दोष आम्हा डॉक्टरांचा आहे आणि तो सुधारता येण्याजोगा आहे.

विशेष म्हणजे तळव्यावरील डागांच्या बाबतीत डर्मोस्कोप फार उपयोगी ठरतो. तळव्याच्या त्वचेवर बोटांच्या ठशांप्रमाणे समांतर उंचवटे आणि त्यांच्यामध्ये खाचा असतात. घामाची छिद्रे उंचवट्यांवर उघडतात आणि भिंगातून बारीक पांढऱ्या ठिपक्यांच्या ओळीसारखी दिसतात. साध्या तिळाचा रंग बहुधा खाचांमध्ये भरलेला असतो. मेलॅनोमात तो उंचवट्यांवर, त्या पांढऱ्या ठिपक्यांच्या भोवती, रुंद पट्ट्यांत दिसतो. जपानमध्ये 2004 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात उंचवट्यांवरच्या या रंगपट्ट्या 86 टक्के मेलॅनोमांत आढळल्या, आणि साध्या तिळांपैकी जवळजवळ 99 टक्क्यांत त्या नव्हत्या. पाच मिनिटांच्या तपासणीत एवढी माहिती देणारे साधन उपलब्ध असताना ते वापरले न जाणे मला अतिशय खेदजनक वाटते.

बाबांच्या जखमेबाबत माझा सल्ला असा: न भरणाऱ्या जखमेच्या कडेला कुठेही काळा किंवा तपकिरी रंग असेल, किंवा ती जागा आधी काळ्या डागाची होती असा इतिहास असेल, तर मलमपट्टी चालू ठेवूनच याच आठवड्यात त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. ‘आधी डाग होता, मग जखम झाली’ हा क्रम त्यांना आवर्जून सांगा. जखम पाहणाऱ्यांना तो आपोआप कळत नाही. मेलॅनोमा किती मिलिमीटर खोल गेला आहे यावर पुढचे सर्व काही अवलंबून असते. एक मिलिमीटरपेक्षा पातळ असताना निघालेला रोग बहुतांश रुग्णांत शस्त्रक्रियेनेच बरा होतो. जखम मधुमेहाचीच निघाली, तर बायोप्सीने शंका मिटेल; मात्र मधुमेहात पायाचा रक्तपुरवठा तपासून मगच ती करावी.

प्रश्न: आजी आयुष्यभर नऊवारी नेसत आली. कमरेच्या पट्ट्यात बरीच वर्षे काळवंडलेली, खाजणारी त्वचा आहे. नायट्याची मलमे लावून झाली. याची काळजी करावी का? (एक वाचक, वर्धा)

उत्तर: कमरेची बहुतेक काळवंडलेली त्वचा घर्षणामुळे होते आणि निरुपद्रवी असते. तरीही हा विषय आपल्या भागाशी थेट जोडलेला आहे. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयातील डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी 1945 साली, घट्ट नेसलेल्या धोतराच्या काचामुळे कमरेवर होणाऱ्या कर्करोगाचे वर्णन प्रसिद्ध केले होते. 2024 मध्ये वर्ध्याच्या आणि बिहारच्या डॉक्टरांनी मिळून, साडी किंवा परकराची नाडी वर्षानुवर्षे एकाच जागी घट्ट बांधल्याने झालेल्या व्रणातून स्क्वॅमस सेल कार्सिनोमा उद्भवलेल्या दोन वयस्कर स्त्रियांची नोंद केली. त्यांतील एक लुगडे नेसणारी होती. प्रकार दुर्मीळ आहे. पण नायटा, इसब आणि सुरुवातीचा स्क्वॅमस कर्करोग यांच्या दिसण्यात पुरेसे साम्य असते, आणि दुकानातून परस्पर आणलेल्या स्टेरॉइडमिश्रित मलमांमुळे हे तिन्ही काही काळ सौम्य दिसतात. आजींच्या कमरेवर जखम, कडक उंचवटा किंवा कोबीसारखी वाढ असेल, अथवा एक डाग दोन महिने उपचार करूनही हटत नसेल, तर बायोप्सी करून घ्या. तोवर नाडी सैल बांधावी आणि बांधण्याची जागा बदलत राहावी.

प्रश्न: बायोप्सीचा अहवाल दोन प्रयोगशाळांनी वेगवेगळा दिला. मग अंतिम शब्द कोणाचा? (एक वाचक, पणजी)

उत्तर: बेसल आणि स्क्वॅमस सेल कार्सिनोमात असे सहसा घडत नाही. रंगपेशींच्या गाठींत मात्र घडते. अमेरिकेतील 187 पॅथॉलॉजिस्टांनी, म्हणजे ऊतींचे नमुने सूक्ष्मदर्शकाखाली पाहून निदान करणाऱ्या डॉक्टरांनी, तपासलेल्या काचपट्ट्यांचा एक अभ्यास 2017 मध्ये प्रसिद्ध झाला. साध्या तिळांबाबत तज्ज्ञ मंडळाशी त्यांचे मत 92 टक्के आणि खोल गेलेल्या मेलॅनोमांबाबत 72 टक्के जुळले; मधल्या, संशयास्पद श्रेणींमध्ये हे प्रमाण 25 ते 43 टक्क्यांपर्यंत उतरले. काही महिन्यांनी त्याच काचपट्ट्या पुन्हा दाखवल्यावर, याच मधल्या श्रेणींत त्याच डॉक्टरांचे स्वतःचे मतही अनेकदा बदलले. त्वचारोगतज्ज्ञांची अचूकता आपण ज्या कसोटीवर मोजतो, ती कसोटीही माणसाच्याच नजरेवर चालते. तुमच्या बाबतीत मूळ मेणठोकळा (ज्यात काढलेला तुकडा जतन केलेला असतो) आणि काचपट्ट्या प्रयोगशाळेकडून मागून घ्या. त्या मागण्यात संकोच नसावा. त्वचेच्या पॅथॉलॉजीत विशेष काम करणाऱ्यांचे तिसरे मत घ्या, आणि सोबत डागाचे काढण्यापूर्वीचे छायाचित्र द्या. पुष्कळदा वाद मिटतो तो त्या छायाचित्राने.

प्रश्न: मी मूळची सांगलीची, सध्या ब्रिस्बेनमध्ये राहते. इथे सगळेच दरवर्षी त्वचेची तपासणी करून घेतात. सावळ्या त्वचेला ती आवश्यक आहे का? आणि मोबाइलवरील ॲपने तीळ तपासला तर चालेल का? (एक वाचक, ब्रिस्बेन)

उत्तर: ऑस्ट्रेलियात सत्तरीपर्यंत दर तिघांतील दोघांना त्वचेचा कोणता ना कोणता कर्करोग होतो, असे तेथील कर्करोग संस्था सांगतात. पण तो आकडा प्रामुख्याने गोऱ्या लोकसंख्येचा आहे. तुमच्या त्वचेतील मेलॅनिन तुम्हाला बरेच संरक्षण देते. कुटुंबात मेलॅनोमा झालेला नसेल, रोगप्रतिकारशक्ती कमी करणारी औषधे चालू नसतील, भाजल्याचे जुने व्रण नसतील, तर दरवर्षीच्या तपासणीचा आग्रह मी धरणार नाही. केलीत, तर तळपाय, बोटांच्या बेचक्या आणि नखे तपासायला सांगा. नखपॉलिश काढून जा. आपल्या लोकांत अनेक नखांवर फिकट तपकिरी उभ्या रेषा असणे सामान्य आहे. एकाच नखावरची, रुंद होत जाणारी, नखाच्या मुळाशी असलेल्या कातडीवरही रंग सांडणारी रेषा मात्र तातडीने दाखवावी.

ॲपवर निर्धास्त राहू नका. 2017 मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी सव्वा लाखाहून अधिक छायाचित्रांवर शिकवलेली संगणकप्रणाली 21 त्वचारोगतज्ज्ञांच्या तोडीस तोड ठरली, तेव्हा मोठ्या अपेक्षा निर्माण झाल्या. परंतु 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आढाव्यात सर्वसामान्यांसाठीची ॲप विश्वासार्ह नसल्याचे दिसले, आणि 2022 मध्ये वेगवेगळ्या वर्णांच्या छायाचित्रांवर कसोटी घेतली असता गडद त्वचेवर अशा प्रणालींची कामगिरी लक्षणीय घसरली. त्याच अभ्यासात छायाचित्रे पाहून निदान करणाऱ्या त्वचारोगतज्ज्ञांची कामगिरीही गडद त्वचेवर कमी पडली. फोनचा खरा उपयोग वेगळा आहे. डागाशेजारी मोजपट्टी धरून, दिवसाच्या उजेडात, तारखेसह छायाचित्र काढून ठेवा आणि तीन महिन्यांनी त्याच अंतरावरून पुन्हा काढा. तपासणीच्या वेळी ही दोन्ही छायाचित्रे डॉक्टरांसमोर ठेवलीत, तर डाग बदलतो आहे की नाही, हे त्यांना एका भेटीत न मिळणारे उत्तर तुमच्याकडून मिळेल. डागातून रक्त येऊ लागले किंवा तो भरभर वाढताना दिसला, तर मात्र तीन महिने थांबू नका.